मलंगा लेन, इशापूर आणि एक वापरलेलं पिस्तूल

सध्या मुक्काम कोलकात्यात. इथल्या बहूबाजार भागात मलंगा लेन नावाची एक अरुंद गल्ली आहे. तिच्या तोंडाशी काही क्रांतिकारकांचे अर्धपुतळे आहेत. समोरून ट्राम-बस आणि माणसांची गर्दी वाहत असते, पण कुणी थांबून पाहत नाही. मीही पहिले काही महिने पाहिलं नव्हतं. पाहायला कारण झालं ते एका फोनचं.

फोन आमच्या सुभेदारसाहेबांचा होता. गेल्या वर्षी निवृत्त झाले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. त्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, हे मराठी वाचकांना सांगायला नको. लेहपासून कोचीपर्यंत कुठल्याही सराफ बाजारात गेलात तर विट्याकडचा एखादा गलाईवाला भेटतोच. तशाच एका गाववाल्याने कोलकात्यात सुभेदारसाहेबांना नोकरी देऊ केली होती. माल घेऊन जाणाऱ्या माणसाबरोबर राहायचं. पगार बरा, आणि स्वतःचं परवान्याचं हत्यार असेल तर आणखी बरा.

"साहेब, एक पिस्तूल बघितलंय. जुनंय, पण बेल्जियमचं आहे. थोडा आगाऊ पैसा दिलाय. तुम्ही एकदा नजर घालता का?"

मी हो म्हणालो. या माणसाला नाही म्हणणं मला शक्य नाही. का, ते पुढे येईलच.

ज्यांना या विषयाची माहिती नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं कायद्याचं. आपण सैन्यात वापरतो ते ९ मिलिमीटरचं काडतूस सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना मिळाला तरी पिस्तुलात बहुधा .३२ बोअरवरच समाधान मानावं लागतं. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली. त्यामुळे त्याआधी देशात आलेली बेल्जियन, जर्मन, इंग्लिश, अमेरिकन पिस्तुलं एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिली आणि त्यांच्या किमती चढत गेल्या. जगात इतरत्र ज्या वस्तूला कुणी फारसं विचारणार नाही, ती आपल्याकडे 'इम्पोर्टेड' म्हणून भाव खाते. आजोबांनी घेतलेलं, वडिलांनी कपाटात ठेवलेलं आणि नातवाने विकायला काढलेलं असं हे पिस्तूल असतं. सुभेदारसाहेबांनी पाहिलेलंही तसंच, एका जुन्या बंगाली कुटुंबाचं, दुकानात जमा करून ठेवलेलं.

दुकानाकडे जाताना आम्ही मलंगा लेनवरून गेलो आणि मी त्यांना अर्धपुतळ्यांपाशी थांबवलं. म्हटलं, आपण जे काम करायला निघालोय, त्याचा पहिला धडा इथेच आहे.

२६ ऑगस्ट १९१४. पहिलं महायुद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. कलकत्त्यातल्या रॉडा अँड कंपनी या शस्त्रविक्रेत्यांचा माल बंदरात आला होता. कंपनीचा कारकून श्रीशचंद्र मित्र याने जकात कचेरीतून २०२ पेट्या सोडवल्या. कंपनीच्या गोदामात १९२ पोचल्या. राहिलेल्या दहा आणतो असं सांगून तो गेला, तो परत आलाच नाही. त्या दहा पेट्या बैलगाडीतून मलंगा लेनच्या दिशेने गेल्या होत्या. आत होती ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं. कंपनीने पोलिसांना कळवलं तीन दिवसांनी. पुढे १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात नोंद झाली, की त्यातली ४४ पिस्तुलं लगेचच नऊ क्रांतिकारी गटांत वाटली गेली आणि पुढच्या ५४ घटनांत ती वापरली गेली. बाघा जतीन आणि त्यांचे साथीदार सप्टेंबर १९१५ मध्ये बालासोरजवळ पोलिसांशी लढले, ते अशाच माउझर पिस्तुलांनी.

पण हे आकडे सरकारला कळले कसे? प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक होता आणि रॉडा कंपनीच्या वहीत तो लिहिलेला होता. कुठेही एखादं माउझर सापडलं, की क्रमांक जुळवून पाहिला जाई. अहवाल लिहीपर्यंत पन्नासपैकी ३१ परत मिळाली होती. हत्यार हातोहात फिरलं तरी त्याचा क्रमांक त्याच्याबरोबर फिरतो.

"म्हणजे कोतमधल्या रजिस्टरसारखंच," सुभेदारसाहेब म्हणाले. अगदी तसंच. वापरलेलं पिस्तूल घेताना पहिली तपासणी पिस्तुलाची नसते, कागदाची असते. विकणाऱ्याच्या परवान्यावरचा क्रमांक आणि धातूवरचा क्रमांक अक्षर-आकड्यासह जुळला पाहिजे. क्रमांक अस्पष्ट असेल, घासलेला असेल, नव्या पॉलिशखाली बुजलेला असेल, तर तिथूनच नमस्कार करून उठावं. खासगी व्यक्तीकडून घ्यायचं असेल तर विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवल्यावर किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात. आणि परवाना कोणत्या कारणासाठी दिला आहे, हेही पाहावं लागतं. स्वसंरक्षणासाठी घेतलेलं हत्यार नोकरीवर वापरता येईल का, हे परवाना देणाऱ्या कचेरीत आधी विचारून घ्या, असं मी सुभेदारसाहेबांना तेव्हाच सांगितलं. ते गप्प झाले. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुकानात पिस्तूल पाहताक्षणी ओळखलं. एफएनचं १९१० चं मॉडेल, ब्राउनिंगचं.

जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटा प्रांतातल्या बंदूककाराचा मुलगा. त्याची पिस्तुलं युरोपात बनवली बेल्जियमच्या लिएज शहराजवळ, हेर्स्टालच्या एफएन कारखान्याने. ७.६५ मिलिमीटरचं, म्हणजे आपण ज्याला .३२ म्हणतो ते काडतूस ब्राउनिंगचंच, १९०० सालच्या एफएन पिस्तुलासाठी बनवलेलं. खिशात मावेल, सहज लपेल, पटकन चालेल असं स्वयंचलित भरणारं हत्यार त्यामुळे पहिल्यांदाच सर्वसामान्यांच्या हाती आलं. ते कुणाच्या हाती जाईल यावर मात्र कुणाचंच नियंत्रण नव्हतं. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक होतं. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यानंतर चार वर्षांनी, २८ जून १९१४ ला, साराजेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपने आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर गोळी झाडली, तीही एफएन १९१० मधूनच. फक्त बोअर वेगळा, ९ मिलिमीटर शॉर्ट. ते पिस्तूल आज व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आहे. सुभेदारसाहेबांसाठी काउंटरवर ठेवलेलं पिस्तूल त्याच कुळातलं.

या मॉडेलची युक्ती अशी, की धक्का सोसणारी कमान नळीच्याच भोवती गुंडाळलेली आहे. त्यामुळे पिस्तूल सडपातळ राहतं. लांबी सुमारे १५३ मिलिमीटर, वजन ६०० ग्रॅमच्या आत, मॅगझिनमध्ये सात गोळ्या. बाहेर दिसणारा घोडा नाही, आत स्ट्रायकर. आणि सुरक्षेच्या तीन सोयी: अंगठ्याची कळ, मुठीच्या मागची दाबपट्टी आणि मॅगझिन काढलं की चाप निकामी करणारी आतली व्यवस्था.

ही तिसरी सोय वाचताना माझ्या वयाच्या प्रत्येक फौजी अधिकाऱ्याला आपलं ९ मिलिमीटर '१ए' आठवेल. तेही ब्राउनिंगच्याच घराण्यातलं. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्याला जास्त गोळ्या मावणारं पिस्तूल हवं होतं आणि मॅगझिन नसताना गोळी सुटू नये अशीही त्यांची अट होती. ब्राउनिंगने काम सुरू केलं. २६ नोव्हेंबर १९२६ ला त्याच हेर्स्टालच्या कारखान्यात काम करता करता तो वारला. पुढचं काम त्याचा बेल्जियन सहकारी द्यूदोने सेव्ह याने पुरं केलं. तेरा गोळ्यांचं दुहेरी रांगेचं मॅगझिन हे त्याचंच. फ्रान्सने शेवटी दुसरंच पिस्तूल घेतलं, पण १९३५ मध्ये बेल्जियमने हे स्वीकारलं. हेच ते 'हाय-पॉवर'. १९४० मध्ये जर्मनांनी बेल्जियम घेतलं आणि कारखाना त्यांच्यासाठी पिस्तुलं बनवू लागला. तिकडे निसटलेल्या सेव्हच्या ज्ञानाचा उपयोग करून टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीने तेच पिस्तूल दोस्तराष्ट्रांसाठी बनवलं, सुरुवातीला चीनच्या मागणीवरून. एकूण सुमारे दीड लाख. एकाच युद्धात समोरासमोरच्या दोन्ही बाजूंच्या कमरेला एकच पिस्तूल होतं.

त्या इंग्लिसच्या नमुन्यावर आपल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीने 'पिस्तूल ९ मिमी १ए' बनवलं. इशापूर कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या काठावर, लोकलने तासाभराच्या अंतरावर. १९०४ पासून तिथे रायफली बनतात. माझ्या कमरेला पहिल्यांदा जे पिस्तूल लागलं त्याच्यावर इशापूरचा शिक्का होता.

आता सुभेदारसाहेबांचं आणि माझं नातं सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी मी कॅप्टन होतो आणि आमची कंपनी काश्मीर खोऱ्यात होती. हे तेव्हा माझ्या कंपनीत हवालदार. एका रात्री पहाटे तीनच्या सुमारास आम्ही बाहेरून पोस्टवर परतलो. अंगात चौदा तासांचा थकवा. वाळूच्या पोत्यांपाशी सगळे ओळीने हत्यारं खाली करत होते. मी मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, चेंबरमधली गोळी बाहेर पडली. इथपर्यंत सगळं बरोबर. पण १ए चा घोडा चढलेलाच राहतो. तो सोडायचा तर चाप ओढावा लागतो आणि मॅगझिनशिवाय चाप चालत नाही. म्हणून रिकामं मॅगझिन लावून चाप ओढायची सवय पडलेली असते. त्या रात्री मी हातातलं मॅगझिनच परत लावलं. ते भरलेलं होतं. सवयीने स्लाइड एकदा ओढली आणि चाप दाबला.

गोळी वाळूच्या पोत्यात गेली. गेली याचं कारण शेजारी उभ्या असलेल्या हवालदाराने स्लाइडचा आवाज ऐकताच माझं मनगट धरून खाली दाबलं होतं. माझ्या डावीकडे दोन पावलांवर आमचा रेडिओ ऑपरेटर उभा होता, बावीस वर्षांचा. कानात सुन्न शिट्टी वाजत होती आणि त्यातून मला हवालदाराचा आवाज आला, अगदी हळू, जणू बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून: "साहेब, मॅगझिन कुठंय?"

सकाळी मी स्वतः सीओंना सांगितलं. जे व्हायचं ते झालं, आणि ते योग्यच झालं. हवालदाराने त्यानंतर आजवर तो विषय एकदाही काढलेला नाही. मेसमध्ये नाही, निरोपसमारंभात नाही, फोनवरही नाही.

मी मात्र पुष्कळ विचार केला. फ्रेंच सैन्याने मागितलेली ती सोय माणसं वाचवण्यासाठी होती. मॅगझिन काढलं की हत्यार निर्धोक, असा हिशेब. पण तिच्यामुळेच हत्यार रिकामं करताना मॅगझिन पुन्हा आत घालावं लागतं आणि तिथे माझ्यासारखा थकलेला माणूस चुकतो. दोष पिस्तुलाचा नव्हता, माझाच होता. पण सुरक्षेची प्रत्येक कळ कुणीतरी, कुठल्या तरी गरजेतून बनवलेली असते आणि तिची स्वतःची एक खोड असते, हे त्या रात्री शिकलो. जुनं हत्यार तपासताना मी तीच खोड शोधतो.

तर दुकानातलं टेबल. खाली जाड कापड, वर चांगला दिवा. पिस्तूल हातात घेतल्यावर आधी मॅगझिन बाहेर. या मॉडेलला त्याची कळ मुठीच्या बुडाशी आहे. मग स्लाइड मागे, डोळ्यांनी चेंबर पाहिलं, करंगळीने चाचपलं, सुभेदारसाहेबांना दाखवलं. आपल्याकडे 'जाँच शस्त्र' म्हणतात ते. दुकानदार म्हणाला, "रिकामंच आहे, मीच पाहिलंय." प्रत्येक अपघाताच्या आधी हेच वाक्य कुणीतरी म्हटलेलं असतं.

पहिली गोष्ट चमक. पिस्तूल नव्या नाण्यासारखं झळकत होतं. शंभरीकडे झुकलेलं हत्यार इतकं झळकतं तेव्हा समजावं, की त्याच्यावर नंतर मुलामा चढवलाय. मुलाम्याखाली गंजाचे खड्डे दडतात आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. लिएजमध्ये १६७२ पासून नळ्यांची चाचणी घेऊन शिक्का मारायची पद्धत आहे. ते शिक्के होते, पण पुसट. फ्रेम आणि स्लाइडवरचा क्रमांक परवान्याशी जुळला. नळीवरचा जुळला नाही. म्हणजे नळी दुसऱ्या पिस्तुलाची. हा गुन्हा नाही, पण ती का बदलली, हा प्रश्न उरतोच.

दुसरी गोष्ट नळी. ती खोलून दिव्यासमोर धरली. पीळ दिसत होते, पण चेंबरच्या पुढचा भाग काळवंडलेला आणि खडबडीत. हे बंगालच्या हवेचं आणि जुन्या काडतुसांचं काम. पूर्वीच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की त्याचं मीठ नळीत उरतं, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि लोखंड खातं. तेलाने ते मीठ जात नाही, पाण्याने जातं. म्हणून जुन्या पलटणींत .३०३ च्या नळीत आधी उकळतं पाणी ओतत, मग चिंधी, मग तेल. घरात पिस्तूल ठेवणाऱ्या बाबूमोशायना हे कोण सांगणार? त्यांनी तेल लावलं असेल मनापासून, पण मिठावरूनच. नळीत आडवं काळं कडं दिसलं असतं तर तिथेच थांबलो असतो. ते कडं म्हणजे एखादी गोळी कधीतरी आत अडकली, तिच्यामागून दुसरी सुटली आणि नळी फुगली. इथे ते नव्हतं.

तिसरी गोष्ट कमानी आणि छोटे भाग. नळीभोवतीची कमान थकलेली होती, स्लाइड पुढे जाताना शेवटी रेंगाळत होती. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाची धार शाबूत. पण स्ट्रायकरवर कानशीच्या ताज्या खुणा होत्या. या मॉडेलचे मूळ सुटे भाग आता सहज मिळत नाहीत, म्हणून मिस्त्री लेथवर घडवून देतात. पोलाद मऊ असेल तर टोक चेपतं, फार कडक असेल तर मोडतं, आणि लांबी किंचित जास्त झाली तर काय होईल ते सांगायला नको.

चौथी गोष्ट सुरक्षेच्या कळा. रिकाम्या चेंबरवर, डमी काडतूस घालून, एकेक कळ वेगळी तपासायची. मुठीची पट्टी न दाबता चाप ओढला, स्ट्रायकर सुटला नाही. ठीक. मॅगझिन काढून ओढला, सुटला नाही. ठीक. चाप दाबून धरला आणि स्लाइड ओढून सोडली. स्ट्रायकर चढलेलाच राहिला, चाप सोडून पुन्हा ओढल्यावरच सुटला. तेही ठीक. ही चाचणी नापास होणारं पिस्तूल एका चापात दोन-तीन गोळ्या झाडू शकतं.

मग अंगठ्याची कळ वर केली आणि चाप जोराने ओढला. काही झालं नाही. चाप सोडला. कळ खाली केली, चापाला बोटही न लावता.

'टक्.'

दुकानात क्षणभर शांतता. मी पुन्हा केलं. पुन्हा 'टक्'. कळ वर असताना चाप ओढला की आतला झिजलेला सियर थोडा सरकत होता आणि काठावरच अडकून राहत होता. कळ काढताच उरलेला आधार जाई आणि स्ट्रायकर आपोआप सुटे. चेंबरमध्ये गोळी असती तर सुटली असती, बोट चापावर नसताना, कळ काढण्याच्या क्षणी. म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा माणसाने घाईने हत्यार बाहेर काढलेलं असतं आणि समोर कोण आहे हे त्याला अजून नीट दिसलेलंही नसतं.

तिसऱ्यांदा करून पाहावं म्हणून मी पिस्तूल पुन्हा उचललं. मॅगझिनच्या सोयीमुळे या चाचणीला मॅगझिन आत लागतं. माझा हात मॅगझिनकडे गेला आणि शेजारून आवाज आला, अगदी हळू.

"साहेब, मॅगझिन कुठंय?"

मी मॅगझिन उलटं करून त्यांना दाखवलं. रिकामं होतं. त्यांनी मान डोलावली. वीस वर्षांनी त्या रात्रीबद्दल आमच्यात झालेलं एवढंच बोलणं.

दुकानदाराचं म्हणणं, सियर बदलून देतो, आमचा मिस्त्री हुशार आहे. असेलही. पण बदललेली नळी, कानशीचा स्ट्रायकर, थकलेली कमान आणि आता सियर, असं करत करत मूळ पिस्तुलातलं उरतं काय? नाव तेवढं बेल्जियमचं. आणि हे सगळं ठणठणीत असतं तरी एक गोष्ट बदलली नसती. या आराखड्यात फायरिंग पिनला आडवणारा स्वतंत्र अडसर नाही. चेंबर भरलेलं असेल तर स्ट्रायकर पूर्ण ताणलेला असतो आणि तो फक्त सियरच्या काठावर टेकलेला असतो. चाप ओढल्याशिवाय पिन पुढे जाऊच नये, अशी व्यवस्था पुढच्या पिढ्यांत आली. १९३८ च्या वॉल्टर पी-३८ मध्ये ती होती. हाय-पॉवरला मिळायला १९८० च्या दशकाची अखेर उजाडली, आपल्या १ए चा आराखडा त्याआधीचा. म्हणून अशा जुन्या पिस्तुलाबाबत माझा नियम साधा आहे: चेंबर रिकामं ठेवूनच बाळगायचं. एक सेकंद उशीर झाला तरी चालेल.

मी नको म्हटलं. सुभेदारसाहेबांनी एकदा पिस्तुलाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आगाऊ दिलेल्या पैशांचं विचारलं. बरीच बोलणी झाल्यावर अर्धे परत मिळाले. त्यांच्या दृष्टीने ती रक्कम लहान नव्हती. निवृत्तीचे पैसे कसे आणि किती ठिकाणी वाटले जातात, हे वाचकांपैकी अनेकांना माहीत आहे.

ज्यांच्याकडे असं हत्यार आहेच, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. चामड्याच्या म्यानात पिस्तूल साठवू नका. चामडं ओल धरतं आणि त्यातली रसायनं पोलादाला चावतात. बाळगायला म्यान, ठेवायला कोरडं कपाट. पावसाळ्यात आठवड्याला आणि एरवी महिन्याला एकदा खोला. १९१० मॉडेलच्या नळीच्या तोंडाशी असलेली टोपी फिरवताना हाताखाली घट्ट धरा, नाहीतर मागची कमान ती थेट डोळ्यावर उडवते. तेल पातळ थराने लावा. स्ट्रायकरच्या बोगद्यात तेल ओतलंत तर धूळ बसून चिखल होतो आणि काडतुसाच्या टोपीला तेल लागलं तर ती ऐनवेळी दगा देते.

काडतुसांचंही तसंच. आयुष्यभर आपण काडतुसाच्या बुडावर खडकीच्या कारखान्याचं 'केएफ' पाहिलं आणि कधी शंका घेतली नाही, कारण साठा फिरता असे. घरच्या कपाटातला साठा फिरत नाही. तो ठरावीक काळाने रेंजवर संपवावा आणि नवा घ्यावा. तीच गोळी रोज चेंबरमध्ये घालून काढू नका, शिसं पुंगळीत मागे ढकललं जातं आणि दाब वाढतो. .३२ पिस्तुलाच्या पुंगळीला किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे राहिली पाहिजे, नाहीतर दोन्ही एकमेकींत अडकतात. आणि .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं, पिस्तुलाचं वेगळं. नाव सारखं म्हणून घेऊन येणारे मी पाहिले आहेत.

दुकानातून निघाल्यावर आम्ही चहा प्यायलो, मातीच्या भांड्यांतून. सुभेदारसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गलाईवाल्याला सांगतो, हत्यार नाही. कमी देऊ देत. पोरीचं शेवटचं वर्ष आहे, तेवढं निघतंय."

मी इशापूरच्याच नव्या .३२ बद्दल बोललो. रांग आहे, पण कागद स्वच्छ आणि सुटे भाग मिळतात. ते 'बघू' म्हणाले. मग भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "साहेब, त्या दहा पेट्यांतली उरलेली एकोणीस पिस्तुलं कुठं गेली असतील?"

मलाही ते नेहमी वाटतं. एखाद्या पुकुरच्या गाळात असतील, एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीत असतील. एखाद्याला ती सापडलीच, तर त्याने आधी मॅगझिन शोधावं.

सुभेदारसाहेब सध्या बहूबाजारात कामाला आहेत, काठी घेऊन. दर रविवारी संध्याकाळी फोन येतो.